न उडालेल्या विमानांचे दर

मी नेदरलँड्समध्ये विमानांचे दर ठरवते, असं आई पुण्यात आमच्या सोसायटीत सगळ्यांना सांगायची. त्यामुळे सुट्टीला गेले की जिन्यात कुणीतरी गाठून विचारायचंच, "अगं, दुबईचं तिकीट जरा कमी करता येईल का?" सुरुवातीला मी समजावून सांगत असे. तिकिटाचा दर वेगळा, आमचा दर वेगळा. विमान एखाद्या देशाच्या आकाशातून जातं तेव्हा खाली बसलेली माणसं त्याला वाट दाखवतात, दुसऱ्या विमानापासून लांब ठेवतात, नीट उतरवून घेतात. त्या माणसांचा, रडारचा, इमारतींचा खर्च विमान कंपन्यांकडून वसूल होतो. तो किती असावा आणि त्या बदल्यात काम किती चांगलं व्हायला हवं, हे काही वर्षांसाठी आधीच लिहून द्यावं लागतं. लिहून देणाऱ्या टोळीतली मी एक, तीही आकडेमोडीपुरती. एवढं सगळं ऐकून घेऊन शेजारच्या काकू म्हणायच्या, "म्हणजे तूच ना!" मग मी सांगणं सोडून दिलं.

आम्ही दोघं तेव्हा नीउ-व्हेनेपला नुकतेच राहायला आलो होतो. नवरा आयटीत, मी या दरांच्या मागे. विमानतळ जवळ असल्यामुळे शेजाऱ्यांना आवाजाचा वैताग होता, घर घेताना आम्हाला त्यांनी तसं बजावूनही सांगितलं होतं. महामारी आली आणि आकाश गप्प झालं. शेजारी खुश झाले, बागेत खुर्च्या टाकून बसू लागले. मला मात्र त्या शांततेत धड बसवत नसे. माडीवरच्या खोलीत लॅपटॉप उघडून काम करताना एखादं मालवाहू विमान गेलं की मी खिडकीशी जाऊन ते दिसेनासं होईपर्यंत बघत राही.

आमच्या कामाच्या चार बाजू असतात. सुरक्षितता, पर्यावरण, उशीर आणि खर्च. चारही बाबतींत युरोपने लक्ष्यं ठरवून दिलेली असतात आणि ती पुरी करताना सगळ्यांच्या तोंडाला फेस येतो. पहिल्या वर्षी उशिराच्या रकान्यात आम्ही इतके हुशार दिसलो की बघायला नको. आकाशात विमानच नाही तर त्याला उशीर कसा होणार? जी थोडी उडत होती ती सरळ रेषेत उडत होती, कारण वाटेत दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे पर्यावरणातही आमचा पहिला नंबर. खर्चाच्या बाजूला मात्र सगळी बोंब होती. दर म्हणजे शेवटी भागाकार, वर खर्च आणि खाली विमानं. सोसायटीतली निम्मी घरं रिकामी झाली म्हणून लिफ्ट आणि वॉचमनचा खर्च निम्मा होत नाही, उरलेल्यांचा मेंटेनन्स वाढतो. तसंच हे. विमान एक असो की हजार, पडद्यासमोर माणूस बसलेला लागतोच. नियमाप्रमाणे भागाकार केला असता तर दर असे भडकले असते की उरल्यासुरल्या कंपन्यांनीही पंख मिटले असते. म्हणून युरोपने नियमच बदलला. ती दोन वाईट वर्षं मिळून एकच धरायची, त्यातली तूट पुढच्या अनेक वर्षांवर थोडीथोडी पसरायची, लक्ष्यं नव्याने ठरवायची. म्हणजे आम्ही नुकताच पुरा केलेला आराखडा केराच्या टोपलीत, आणि पहिल्यापासून सुरुवात.

आराखडा नव्याने सुरू झाला तेव्हा मला चौथा महिना होता. हे आमचं पहिलंच. जूनमध्ये बाळंतपण, आणि आई मेमध्ये येणार असं ठरलं. बाबा गेल्यापासून ती पुण्यात एकटी होती. तिच्याकडे आधीच्या खेपेचा व्हिसा होता, आणि निर्बंध असले तरी लेकीच्या बाळंतपणाला आईला येऊ देतील असं आम्हाला कळलं होतं. तिकीट काढलं. तिने डिंक, अळीव, खारीक-खोबरं जमवायला घेतलं आणि रोज फोनवर नवी भर सांगायला लागली. मी दिवस मोजत नव्हते असं म्हणणं खोटं होईल, दुसरं काही करतच नव्हते.

इथे गरोदरपणात डॉक्टरपेक्षा सुईण जास्त भेटते. आमची सुईण उंच, घाईतली, प्रश्न विचारून उत्तराची वाट न बघणारी होती. तिने दुसऱ्याच भेटीत विचारलं, "क्रामझोर्गसाठी नाव नोंदवलं का?" बाळ झालं की आठवडाभर रोज घरी येऊन बाळाचं आणि बाळंतिणीचं सगळं बघणारी जी बाई असते, तिची ही सोय. इथे ती प्रत्येकीला मिळते, फक्त नाव फार लवकर नोंदवावं लागतं. मी हसून म्हटलं, "मला नको. माझी आई येणार आहे." ती म्हणाली, "आई चांगली गोष्ट आहे. पण ही शिकलेली असते." माझं डोकंच फिरलं. माझ्या आईने मावशीचं, काकूचं, समोरच्या सुनेचं, सगळ्यांची बाळंतपणं काढलेली. तिच्या हाताखालून गेलेली बाळं आज नोकऱ्या करतायत. ही मला शिकलेलं सांगतेय!

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "नोंदवून ठेवूया ना. आई आल्या तर रद्द करू."

"आल्या तर म्हणजे? येणारच आहे ती."

"अगं, मी फक्त म्हणतोय की समजा—"

"समजा वगैरे काही नाही. असलं तोंडातून काढूच नकोस."

आमच्या घरात ही पद्धतच होती. माणूस प्रवासाला निघायचा असला की 'नाही जमलं तर' असं कुणी म्हणायचं नाही. बाळ जन्मायच्या आधी त्याचं काही घरात आणायचं नाही, झबलं नाही, पाळणा नाही, दुपटंसुद्धा नाही. समोरच्या डच घरात सातव्या महिन्यात बाळाची खोली रंगवून, पडदे लावून तयार होती. आमच्याकडे त्या जागी इस्त्रीचं टेबल होतं. नवऱ्याने पुन्हा विषय काढला नाही, आणि नाव नोंदवायचं राहिलं.

कामावर मात्र माझा सगळा दिवस 'नाही जमलं तर' यातच जाई. पुढच्या वर्षांत किती विमानं उडतील याचे तीन अंदाज आम्हाला मिळत. चांगल्यात सगळ्यांना लस मिळते आणि विमानं लवकर परततात. मधल्यात जरा उशिरा परततात. वाईटात लाटांवर लाटा येतात, सीमा बंद राहतात, आणि आकाश वर्षानुवर्षं भरत नाही. तिन्ही धरून खर्च, दर आणि लक्ष्यं मांडायची, म्हणजे पुढे विमान कंपन्यांशी बोलताना कुणी काही विचारलं तर उत्तर तयार. चांगला मी आनंदाने केला, मधला केला. वाईट तेवढा राहिला. आज करते, उद्या करते, असं चाललं होतं. लॅपटॉपवर आकड्यांचं पत्रक उघडायचे, एप्रिलच्या, मेच्या रकान्यात लहानसा आकडा टाकायचे आणि पुसायचे. मी शिकलेली बाई, आकडा टाकल्याने काही होत नसतं हे मला कळत होतं. तरी मे महिन्याच्या विमानांतलं एक आईचं आहे आणि ते मी माझ्या हाताने रद्द करतेय, असंच वाटायचं.

मग पुण्यातून येणारे फोन बदलले. एप्रिलमध्ये सकाळी फोन हातात घ्यायची भीती वाटायची. ओळखीतलं कुणी ना कुणी दवाखान्यात, कुणाला बेड नाही, कुणाचा सिलिंडर शोधतायत. आई दाराला कडी लावून बसली होती, भाजीवाला पिशवी दारात ठेवून जायचा. ती म्हणायची, "माझी काळजी करू नकोस, तू नीट जेव." मी नीट जेवत नव्हते. पोटात बाळ लाथा मारायचं आणि मी बातम्यांमध्ये फक्त एक शब्द शोधत राहायचे, विमान.

महिन्याच्या शेवटी तो शब्द आला. इकडच्या सरकारने भारतातून येणारी प्रवासी विमानं थांबवली. नवऱ्याने मला सांगितलं तेव्हा तो जिन्याच्या खालच्या पायरीवर उभा होता आणि मी वरच्या. मी म्हटलं, "थोड्या दिवसांसाठी असेल." तो हो म्हणाला. त्या संध्याकाळी आई फोनवर म्हणाली, "डिंक भाजून ठेवलाय, तो टिकतो." पुढे आम्ही दोघी कितीतरी वेळ डिंकाबद्दलच बोललो.

दुसऱ्या दिवशी आमच्या गटाची बैठक होती, अर्थात पडद्यावर. आमचा प्रमुख आर्नहेमकडचा, चार मुलांचा बाप. इथे साहेब म्हणायची पद्धत नाही, तोही आम्हाला काही मनात ठेवून बोलत नसे. त्याने पत्रक वर-खाली केलं आणि विचारलं, "वाईट अंदाज कुठे आहे?"

"करते."

"मागच्या वेळीही तू हेच म्हणालीस. अडचण काय आहे?"

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्याचा भयंकर राग आला. मी म्हटलं, "आमच्याकडे वाईट आधी बोलत नाहीत." एवढं बोलले आणि सगळ्यांच्या देखत, कॅमेरा चालू असताना, ढसाढसा रडायला लागले. कॅमेरा बंद करायचं बटणही सापडेना.

मी नाक पुसत विमानांचं, आईचं सांगितलं. प्रमुख ऐकून घेऊन म्हणाला, "तू लिहिलं नाहीस, तरी विमानं थांबलीच." आणि पुढे विचारलं, "मग तुझ्याकडे कोण येणार?"

"नवरा आहे."

"तो असणारच. क्रामझोर्ग कोणाची आहे?"

"नाव नोंदवलेलं नाही," असं मी म्हटलं आणि पडद्यावर जणू अपघात झाला. टिलबर्गहून जोडलेली माझी सहकारी आजवर दरांवरच्या वादातही आवाज चढवत नसे. ती ओरडली, "पण एप्रिल संपला!" दर, लक्ष्यं सगळं बाजूला पडलं. एकजण फोन नंबर शोधू लागला, एकजण बायकोला हाक मारून विचारू लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपलं बाळंतपण ऑफिसच्या बैठकीत चर्चेला, आणि तेही पुरुषांच्या!

प्रमुखाने मात्र सरळ एक कोरं पत्रक उघडलं आणि सगळ्यांना दिसेल असं लिहायला लागला. चांगला अंदाज, आई वेळेवर येते. मधला, आई उशिरा येते, क्रामझोर्ग मिळते. वाईट, दोन्ही नाही. तिथे तो थांबला आणि म्हणाला, "मग काय?"

मी खिडकीकडे बघायला लागले. हे पाहणंच माझ्याच्याने होत नव्हतं.

टिलबर्गची म्हणाली, "मग मी." ती पुढे अगदी कामाचं बोलावं तसं म्हणाली, "माझी दोन मुलं आहेत, मला येतं ते. आठवडाभर सुट्टी घेईन. रेल्वे आहे." प्रमुखाने रकान्यात तिचं नाव लिहिलं, आणि "ठीक, आता दरांकडे," म्हणून आम्हाला पुढे हाकललं.

त्या दुपारी मी वाईट अंदाज पुरा केला. सर्वांत वाईट धरलं तर आकडे किती वाईट दिसतात ते दिसलं, आणि आश्चर्य म्हणजे रात्रभर छातीवर बसलेलं काहीतरी थोडं उठलं. मग क्रामझोर्गच्या संस्थांना फोन करत सुटले. बहुतेकांनी जून भरलाय म्हणून सांगितलं. एकीने, कुणी मोकळी झाली तर पाठवू, एवढं कबूल केलं.

मेमध्ये माझी रजा सुरू व्हायच्या आधी विमान कंपन्यांशी बोलणं झालं. आराखडा त्यांना दाखवून त्यांचं मत घ्यायचं असतं, कारण पैसे शेवटी त्यांचे. कंपन्या स्वतःच मेटाकुटीला आल्या होत्या. एका प्रतिनिधीने वैतागून विचारलं, "विमानं नाहीत, तर विमानं सांभाळणाऱ्या नव्या मुलांना शिकवताय कशाला? तो वर्ग बंद करा, दर खाली येईल." प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. प्रमुखाने मला वाईट अंदाजाचं पत्रक दाखवायला सांगितलं आणि म्हणाला, "इथेही विमानं परत येतातच, फक्त उशिरा. मुलं तयार व्हायला वर्षं लागतात. विमानं येतील तेव्हा खुर्चीत कुणी नसलं तर काय करायचं?" प्रतिनिधी कुरकुरला, बाकी खर्च बराच छाटावा लागला, पण वर्ग राहिला. मी कॅमेऱ्याच्या खाली पोटावर हात ठेवून ऐकत होते आणि माझ्या मनात मुलं, वर्ग काही नव्हतं, माझ्याच घरातली रिकामी खुर्ची होती.

विमानं जूनमध्ये पुन्हा सुरू झाली, पण आधी मिळणार होती ती सवलत गेली आणि आईसारख्या पाहुण्यांना दार बंदच राहिलं. आम्ही पत्रं लिहिली, फोन केले. प्रत्येक जण अगदी सहानुभूतीने नाही म्हणाला. मुलगी झाली तेव्हा नवरा माझा हात धरून होता आणि आई फोनमध्ये, पाण्याच्या जगला टेकवून ठेवलेली. काही तासांतच आम्हाला दवाखान्यातून घरी पाठवलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली, क्रामझोर्गची बाई दारात. म्हणजे मधला अंदाज खरा ठरला. टिलबर्गला तसं कळवलं तेव्हा तिची जरा निराशाच झाली असं मला वाटलं.

बाई धिप्पाड, लाल गालांची, हाताने मऊ. आल्या आल्या तिने, काम करताना वाकावं लागू नये म्हणून, पलंग ठोकळ्यांवर चढवला आणि खिडकी उघडली. फोनमधून आई किंचाळली, "खिडकी लाव! बाळंतीण आहे ती!" नवऱ्याने भीतभीत भाषांतर केलं. बाई म्हणाली, "ताजी हवा हवी." आई म्हणाली, "हिला सांग, वारा लागतो." नवरा बिचारा खिडकी अर्धी लावून दोघींची समजूत घालत बसला. मला जेवायला गार दूध आणि चीज घातलेला पाव आला तेव्हा आईने डोळे मिटून घेतले. मग बाईने इथल्या रिवाजाप्रमाणे साखरेतली गुलाबी बडीशेप पेरलेला टोस्ट आणला. आईने फोन डोळ्यांजवळ घेऊन बघितलं. "बडीशेप आहे का ती? मग खा. दूध येतं त्याने. एवढं तरी कळतंय त्यांना."

बाई सगळं करायची. टाके बघायची, ताप बघायची, बाळाला छातीशी कसं धरायचं ते दाखवायची, मी रडले की गाडीच्या टपावर हात मारल्यासारखी पाठ थोपटायची. मला ती आवडली. पण रोज संध्याकाळी तिची सायकल कोपऱ्यावर वळली की मला आईची आठवण इतकी यायची की बाळालाही घ्यावंसं वाटायचं नाही. हे मी तेव्हा कुणालाही सांगितलं नाही.

आई आली ती पानगळीच्या दिवसांत, लस घेतलेल्यांना येऊ देऊ लागले तेव्हा. बाळ चार महिन्यांचं झालं होतं. फोनमधल्या आजीला बघून हसणाऱ्या त्या पोरीने खऱ्या आजीला बघून घर डोक्यावर घेतलं. आई हसली. "फोनमध्ये बरी होते वाटतं मी," असं म्हणाली, आणि पोर रडायची थांबेना तसं तिला माझ्याकडे परत दिलं.

त्याच आठवड्यात आमचा आराखडा शेवटचा तपासून पाठवायचा होता. मी पुन्हा कामावर रुजू झाले होते. आई माडीवरच्या खोलीत येऊन पलंगावर बसली आणि पडद्याकडे बघत म्हणाली, "झालं का तुमचं दरांचं?"

"होतंय. विमानं परत येतात, पण हळूहळू."

"आणि ती दोन वर्षं? त्यातलं नुकसान?"

"ते पुढच्या वर्षांत थोडंथोडं वसूल करायचं. कुणाला एकदम जड जाऊ नये म्हणून."

तिने पलंगावरची चादर हाताने सरळ केली. मग म्हणाली, "बरं आहे तुमचं." आणि उठून तिच्या बॅगेतून तिने एक पांढरी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी काढली. "चल, आडवी हो. पोट बांधते."

"आई, आता? चार महिने झाले. आता बांधून काय होणार?"

"माहीत आहे मला. आडवी हो."

मी झोपले. तिने साडीची घडी घातली, कमरेखालून घेतली, ताणून पोटावर फिरवली, पुन्हा घेतली, पुन्हा फिरवली. तिचे हात गरम होते. बाळंतिणीला बांधतात तसंच, काही कमी न करता तिने बांधलं आणि गाठ मारली. मी म्हटलं, "घट्ट झालंय गं." मी मान वळवली. आई गाठीवर हात ठेवून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. बाबा गेले तेव्हाही ती माझ्यासमोर अशी रडली नव्हती. खाली बाळ उठलं होतं, नवरा तिला घेऊन जिना चढत होता.

"मला यायचं होतं गं," आई म्हणाली. "तेव्हा यायचं होतं मला."